जनुक काढलं, तरी उंदीर जाड का होत नाही? दर बॅचला बदलणाऱ्या निकालाची तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. चरबीच्या चयापचयाशी संबंधित एखादं जनुक उंदरातून काढलं, पिल्लं वाढली, हाय फॅट डाएट सुरू केलं आणि दहा-बारा आठवड्यांनी बघावं तर नॉकआऊट (जनुक काढलेले) आणि कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले, जनुक शाबूत असलेले) उंदरांच्या वजनाच्या रेषा एकमेकींवर बसलेल्या. किंवा त्याहून वैताग आणणारा प्रकार: पहिल्या बॅचमध्ये छान फरक, दुसरीत गायब, तिसरीत उलटाच. मग लॅबमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "या जनुकात काही दम नाही." दुसरा म्हणतो, "उंदीर वाढवा, आपोआप दिसेल." निदान लगेच तरी दोघांचंही ऐकू नका.

चरबी साठवणारी, फोडणारी आणि जाळणारी बहुतेक जनुकं सदासर्वकाळ सारखी राबत नसतात. थंडी वाजली, पोट रिकामं राहिलं, पोटभर जेवण झालं, की त्यांना कामाला लावलं जातं. ती वेळच उंदरावर आली नाही, तर जनुक असलं काय नि नसलं काय. म्हणून जनुकावर शंका घेण्याआधी उंदीर कुठल्या परिस्थितीत जगत होता, हे तपासायचं. क्रम मी लावतो तो असा.

जनुक खरंच गेलंय का?

हे लवकर उरकता येतं, पण टाळू नका. शेपटीच्या डीएनएवरून केलेलं जीनोटायपिंग एवढंच सांगतं की क्री (डीएनए कापणारं एन्झाइम) आणि फ्लॉक्स (क्री जिथे कापते त्या, जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा) दोन्ही हजर आहेत. चरबीच्या पेशीत काट बसली की नाही, हे त्यावरून कळत नाही.

इथे एक नेहमीचा गोंधळ होतो. चरबीचा अख्खा गोळा वाटून क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए किती, हे मोजणारी चाचणी) केला की जनुकाची पातळी जेमतेम निम्म्यावर आलेली दिसते, आणि काट अर्धवटच बसली असं वाटू लागतं. पण त्या गोळ्यात नुसत्या चरबीच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्यांच्या पेशी, मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी), पूर्वपेशी अशी भलतीच गर्दी असते, आणि आरएनए त्यांचाही येतो. त्यामुळे ऊतक कोलॅजिनेजमध्ये पचवा आणि हळू सेंट्रिफ्यूज करा. चरबीच्या पेशी वर तरंगतात, बाकीचा ऐवज तळाशी बसतो. दोन्ही थर वेगळे काढून मोजले की चित्र साफ होतं. जांघेतली चरबी घेत असाल तर तिच्यातली लसिकाग्रंथी आधी काढून टाका. ती राहिली तर "दाह वाढलाय" असा शोध फुकटात लागतो.

क्री कुठली, म्हणजे कुठल्या जनुकाच्या नियंत्रणाखाली चालणारी, वापरली आहे तेही बघा. जुन्या कामात एपी२-क्री सर्रास असायची. ती मॅक्रोफेजमध्ये, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, कधी मेंदूतही कापते. त्या क्रीने आलेला निकाल अ‍ॅडिपोनेक्टिन-क्रीने आला नाही, तर पहिला परिणाम चरबीबाहेरचा असण्याची शक्यता धरून चाला. शिवाय काही क्री जननपेशीत निसटतात आणि पुढच्या पिढीत जनुक सगळ्या अंगातूनच गायब होतं. ते पकडायचं तर शेपटीच्या डीएनएवर कापलेल्या तुकड्याचीच पीसीआर लावा. पट्टी उमटली की समजायचं, हा उंदीर तुमच्या कामाचा नाही.

टॅमॉक्सिफेन देऊन क्री चालू करत असाल तर ते औषध स्वतःच चरबी घटवतं. ते सगळ्या गटांना मिळालं पाहिजे, आणि त्यानंतर काही आठवडे थांबायला पाहिजे.

खोलीचं तापमान

सर्वात जास्त बळी इथे जातात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्राणिगृहाची खोली साधारण २२ अंशांवर ठेवतात, कारण अंगात एप्रन घालून काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला बरं वाटतं ते ३० अंशांच्या आसपास. २२ अंशांवर तो सतत थंडीशी झगडत असतो आणि निव्वळ अंग गरम ठेवण्यासाठी इतकी ऊर्जा खर्च करतो की त्याचा एकूण खर्च ३० अंशांवरच्या खर्चाच्या दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे आपण ज्याला सामान्य उंदीर समजतो, तो चोवीस तास कुडकुडण्याच्या बेतात असलेला उंदीर असतो.

याचं नामांकित उदाहरण यूसीपी-१. तपकिरी चरबीच्या मायटोकाँड्रियात हे प्रथिन प्रोटॉनला आडवाट काढून देतं. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तयार न होता ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. हे जनुक काढलं की उंदीर ऊर्जा जाळणार नाही आणि जाड होईल, असा सरळ हिशोब होता. १९९७ मध्ये असे उंदीर तयार झाले. थंडी त्यांना सोसवेना, पण जाड काही ते झाले नाहीत. पुढच्या काही प्रयोगांत तर थंड खोलीत हाय फॅट डाएटवर ते कंट्रोलपेक्षा बारीक राहिले. मग २००९ मध्ये तेच जनुक नसलेले उंदीर थर्मोन्यूट्रल, म्हणजे अंग गरम ठेवायला जादा ऊर्जा लागत नाही अशा तापमानाला ठेवून बघितले. तिथे ते जाड झाले, साध्या खाण्यावरसुद्धा.

मधली बारा वर्षं जनुक तेच होतं. थंडीत यूसीपी-१ नसलेला उंदीर स्नायू थरथरवून आणि इतर महागड्या मार्गांनी उष्णता तयार करत होता. त्या मार्गांत ऊर्जा भरपूर जाते, त्यामुळे चरबी साठायला उरतच नव्हती. थंडीचा ताण काढून घेतल्यावरच यूसीपी-१ ची उणीव वजनात उतरली.

तेव्हा तुमचं जनुक तपकिरी चरबी, बीटा-अ‍ॅड्रेनर्जिक संदेश (थंडीत वा उपासात मज्जातंतूंकडून चरबीला येणारा हुकूम) किंवा ऊर्जेचा खर्च यांच्या जवळपास कुठेही असेल, तर २२ अंशांवरचा "फरक नाही" हा निकाल अर्धाच आहे. एक बॅच ३० अंशांवर चालवा. दूध तुटल्यावर पिल्लं तिकडे हलवा, काही आठवडे रुळू द्या, मगच मोजायला घ्या. हलवल्यावर दोन दिवसांत घेतलेली मोजमापं स्थलांतराची असतात.

उलटही तपासा. ३० अंशांवर तपकिरी चरबी फिकट पडते, तिच्या पेशीत थेंब मोठे होतात आणि यूसीपी-१ घटतं. तुमचं जनुक यूसीपी-१ चालू करणारं असेल, तर या तापमानाला ते निवांत बसलेलं असणार. त्याची परीक्षा थंडीत घ्यायला हवी.

तापमानात खोलीच्या भिंतीवरचा आकडा तेवढा धरू नका. एकटा ठेवलेला उंदीर चौघांच्या पिंजऱ्यातल्या उंदरापेक्षा जास्त गारठतो, कारण बिलगायला कोणी नाही. घरट्यासाठी कागद दिला की नाही, हवा खेळवणाऱ्या पिंजऱ्यात झोत किती जोरात आहे, यानेही फरक पडतो. रॅकवर वरची रांग दिव्याजवळ, खालची फरशीजवळ. नॉकआऊट सगळे एका रांगेत आणि कंट्रोल सगळे दुसऱ्या रांगेत असतील, तर तुम्ही जनुक मोजताय की रांग, हे देवालाच ठाऊक. आणि भांडखोर नर वेगळे काढले जातात तेव्हा एकट्या पडलेल्या उंदरांत कुठल्या गटाचे किती, याची नोंद कोणीतरी ठेवतंय का, ते विचारून घ्या.

स्ट्रेन, सबस्ट्रेन आणि कंट्रोल कुठून आणले

स्ट्रेन म्हणजे उंदरांचा शुद्ध वाण, आणि बी-सिक्स (सी५७बीएल/६) हा त्यातला एक. "आमचे सगळे बी-सिक्स आहेत" हे उत्तर पुरेसं नाही. सी५७बीएल/६जे आणि सी५७बीएल/६एन या दोन वेगळ्या ओळी आहेत. ६जे मध्ये एनएनटी नावाच्या जनुकाचे एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) ७ ते ११ गायब आहेत, ६एन मध्ये ते शाबूत. हे जनुक मायटोकाँड्रियात एनएडीपीएच पुरवतं, म्हणजे ग्लुकोज आणि मेदाच्या प्रयोगात ऐन वर्मावर बोट. आता नेहमीचा प्रसंग घ्या: नॉकआऊट ६एन च्या मूलपेशींपासून बनवला, क्री ६जे वर होती, दोन्हींचा संकर केला आणि कंट्रोल म्हणून बाहेरून ६जे विकत आणले. नॉकआऊट आणि कंट्रोल यांच्यात आता तुमचं जनुक तर वेगळं आहेच, एनएनटीही वेगळं आहे. एनएनटीची पीसीआर साधी आहे. वसाहतीतल्या थोड्या उंदरांवर ती आजच लावा.

पार्श्वभूमी किती फरक करते याचा दाखला जुना आहे. ओबी या उत्परिवर्तनाच्या लठ्ठ उंदरांचं वर्णन अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेतून १९५० मध्ये प्रसिद्ध झालं, डीबीच्या उंदरांचं १९६६ मध्ये. पहिल्यात लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं संप्रेरक) बनत नाही, हे १९९४ मध्ये जनुक हाती लागल्यावर कळलं. दुसऱ्यात लेप्टिनचा रिसेप्टर बिघडलेला. तिथल्याच संशोधक डग्लस कोलमन यांनी हीच उत्परिवर्तनं दोन स्ट्रेनवर ठेवून बघितली. एका स्ट्रेनवर लठ्ठपणा आणि सौम्य मधुमेह, दुसरीवर स्वादुपिंडाचा पार निकाल लावणारा मधुमेह. बिघाड एकाच जनुकाचा, पण उंदरांचं नशीब वेगळं.

जुने नॉकआऊट १२९ स्ट्रेनच्या मूलपेशींपासून बनलेले असतात. दहा पिढ्या बॅकक्रॉस (हव्या त्या स्ट्रेनशी पुन्हा पुन्हा संकर) केला की काम झालं असं मानतात. बाकीच्या क्रोमोसोमपुरतं ते ठीक आहे. काढलेल्या जनुकाच्या दोन्ही अंगांना मात्र १२९ चा मोठा पट्टा चिकटून येतो, कारण निवड आपण त्याच जागेची करत असतो. त्या पट्ट्यात कितीतरी जनुकं असतात, आणि त्यातलं एखादं खोडकर निघालं तर बिल तुमच्या जनुकाच्या नावावर फाडलं जातं.

काटछाट करताना शेजाऱ्याची बटणं तुटतात, हा याचाच चुलतभाऊ. माणसात एफटीओ जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधले (प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यातले) फरक लठ्ठपणाशी जोडलेले सापडले, आणि सगळे एफटीओच्या मागे लागले. २०१४ मध्ये दिसलं की तो इंट्रॉन बऱ्याच अंतरावरच्या आयआरएक्स३ या जनुकाला जाऊन भिडतो. आयआरएक्स३ नसलेले उंदीर २५ ते ३० टक्क्यांनी हलके भरले. तेव्हा तुम्ही मोठा तुकडा काढला असेल किंवा निवडीसाठी घातलेली निओ कॅसेट आत तशीच सोडली असेल, तर आजूबाजूच्या दोन-चार जनुकांचीही पातळी मोजा. खर्च किरकोळ आहे.

कंट्रोल म्हणजे एका वेतातली भावंडं, यात तडजोड नको. त्याच वेतातली, त्याच आईची, त्याच पिंजऱ्यातली. लहान वेतातल्या पिल्लांना दूध जास्त मिळतं आणि ती जन्मभर वजनदार राहू शकतात. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जीवाणू सारखे होतात आणि वेगळ्या पिंजऱ्यातल्यांचे वेगळे पडतात. क्री असलेले पण फ्लॉक्स नसलेले उंदीरही कंट्रोलमध्ये घ्या. क्रीचा स्वतःचा परिणाम असतो, तो नुसत्या फ्लॉक्स कंट्रोलमध्ये दिसत नाही.

जोडीदार जनुक काम ओढून नेतं

तापमान, स्ट्रेन, क्री सगळं बरोबर, तरीही वजन हलत नाही. आता मार्गाकडे बघायचं.

चरबीच्या थेंबातून मेदाम्ल बाहेर काढण्याचं उदाहरण घ्या. २००० सालापर्यंत सगळे असं धरून चालले होते की हे काम मुख्यतः एचएसएल हे एन्झाइम करतं. एचएसएल नसलेले उंदीर २००० मध्ये आले. ते फुगून लठ्ठ व्हायला हवे होते, झाले नाहीत. त्यांच्या चरबीत ट्रायग्लिसराइडऐवजी (तीन मेदाम्लं जोडलेल्या चरबीऐवजी) डायग्लिसराइड (दोन मेदाम्लं जोडलेलं) साठत होतं. म्हणजे पहिली कडी दुसरंच कोणीतरी तोडत होतं आणि एचएसएलचं काम तिथून पुढे सुरू होत होतं. तो पहिला हात, एटीजीएल, २००४ मध्ये सापडला. एटीजीएल काढलेल्या उंदरात चरबी सगळीकडे साठली, हृदयाच्या स्नायूतही, आणि ते अकाली मेले.

यातून तपासणीची पद्धत मिळते. उपासात नॉरअ‍ॅड्रेनलिन येतं, पीकेए हे एन्झाइम जागं होतं, थेंबाच्या कडेला पहारा देणाऱ्या पेरिलिपिन या प्रथिनावर फॉस्फेट बसतं, पेरिलिपिनने धरून ठेवलेलं सीजीआय-५८ हे प्रथिन सुटतं आणि जाऊन एटीजीएलला चालना देतं. मग एटीजीएल, एचएसएल आणि एमजीएल एकामागून एक कड्या तोडतात, शेवटी ग्लिसरॉल उरतं. तुमचं जनुक या साखळीत असेल तर वजन मोजून काय कळणार? चरबीचा छोटा तुकडा काढा, आयसोप्रोटेरेनॉल (नॉरॲड्रेनलिनसारखं काम करणारं औषध) घालून उद्दीपित करा आणि माध्यमात येणारं ग्लिसरॉल आणि मेदाम्लं दोन्ही मोजा. एचएसएल नसताना काही मेदाम्लं सुटत राहतात, ग्लिसरॉल मात्र घटतं. दोन्हींतला एकच आकडा बघितला तर फसगत ठरलेली.

साठवणीच्या बाजूलाही अशीच जोडी आहे. डीजीएटी१ आणि डीजीएटी२ ही दोन्ही एन्झाइमं ट्रायग्लिसराइडची शेवटची पायरी पूर्ण करतात. डीजीएटी१ नसलेले उंदीर जगतात, उलट हाय फॅट डाएटवर सडसडीत राहतात. डीजीएटी२ नसलेली पिल्लं जन्मल्यावर लवकरच मरतात. "दुसरं भरपाई करेल" हे वाक्य एका बाजूने खरं आणि दुसऱ्या बाजूने खोटं ठरू शकतं, म्हणून जोडीदाराची पातळी मोजल्याशिवाय ते लिहू नका. जन्मापासूनची भरपाई हीच अडचण वाटत असेल, तर प्रौढ उंदरात जनुक काढणं हा उपाय आहे.

खाणं, आणि एक छोटा हिशोब

हाय फॅट डाएटचा कंट्रोल म्हणून साधा चाऊ (उंदरांचं नेहमीचं धान्याचं खाणं) देणं ही जुनी खोड. चाऊमध्ये सोया असतं, तंतू जास्त असतात आणि घटक बॅचगणिक बदलतात. ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणाऱ्या शुद्ध आहारासमोर १० टक्क्यांचा शुद्ध आहारच हवा, साखरेचं प्रमाणही जुळणारा. जादा चरबीचं खाणं फ्रिजमध्ये ठेवा आणि पिंजऱ्यातलं वारंवार बदला. ते खवट होतं, उंदीर कमी खातात आणि वजनाची वाढ मंदावते.

आता हिशोब. समजा आठ आठवड्यांत नॉकआऊटने २ ग्रॅम चरबी जास्त साठवली. चरबीच्या १ ग्रॅममध्ये साधारण ९ किलोकॅलरी, म्हणजे १८ किलोकॅलरी ५६ दिवसांत. दिवसाला ०.३२ पडतात. उंदीर दिवसाला १० ते १२ किलोकॅलरी खातो, म्हणजे फरक सुमारे ३ टक्क्यांचा. हाय फॅट डाएटच्या १ ग्रॅममध्ये साधारण ५.२ किलोकॅलरी असतात. रोज ६० मिलिग्रॅम चुरा पिंजऱ्याच्या तळाशी जास्त सांडला की तुमचा सगळा फरक त्या चुऱ्यात जमा. "खाण्यात फरक नाही, खर्चातही फरक नाही, तरी वजन वाढलं" हे कोडं खूप जणांना पडतं. त्यात कोडं काही नाही, तुमची मोजपट्टी तेवढी बारीक नाही.

खर्च मोजताना आणखी एक खोड सोडा: ऑक्सिजनचा आकडा शरीराच्या वजनाने भागणं. चरबीचा गोळा वजनात भरतो, ऊर्जा मात्र थोडीच खातो. त्यामुळे जाड उंदराचा भागाकार आपोआप लहान येतो आणि "चयापचय मंदावला" असं वाटतं. खर्च प्रति उंदीर द्या आणि वजन किंवा बिनचरबीचं वजन सहचल म्हणून अँकोव्हात (वजनाचा परिणाम वेगळा काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) घाला.

ऊतक किती वाजता काढलं

हे थोडक्यात, पण निकाल उलटवण्याइतकं मोठं. उंदीर रात्री जेवतो. जेवणानंतर इन्सुलिन चढतं, यकृतात एसआरईबीपी-१सी जागं होतं आणि मेद बनवणारी जनुकं वर जातात. पोट रिकामं झालं की पीपीएआर अल्फा पुढे येतं आणि मेद जाळणारी जनुकं, एफजीएफ२१ सकट, वर चढतात. सकाळी नऊला कंट्रोल आणि दुपारी तीनला नॉकआऊट कापले असतील, तर तुम्ही घड्याळ मोजलंत. गट मिसळून क्रम लावा.

रात्रभराचा उपास उंदरासाठी फार मोठा असतो. गार खोलीत तो टॉर्परमध्येही जातो, म्हणजे शरीराचं तापमान आणि खर्च दोन्ही पाडून टाकतो. उपासातली जनुकंच अभ्यासायची असतील तर गोष्ट वेगळी, एरवी दिवसा पाच-सहा तास पुरे.

नर आणि मादी एकत्र मोजू नका. बी-सिक्सच्या माद्या हाय फॅट डाएटवर नरांइतक्या लवकर वाढत नाहीत आणि त्यांच्यात खरा फरक बुजून जातो.

वजन सारखं, पण चरबी कुठे आहे?

वजनाच्या रेषा एकमेकींवर बसल्या म्हणून चरबीचं काही बिघडलं नाही, असं होत नाही. चरबीच्या पेशीतून पीपीएआर गॅमा काढलं की साठवायची जागाच राहत नाही. मेद मग यकृतात जाऊन बसतो. चरबी घटली, यकृत वाढलं आणि तराजूवर आकडा तोच. त्यामुळे एनएमआर यंत्रावर चरबी आणि बिनचरबीचं वजन वेगळं घ्या. कापताना जांघेतला, पोटातला आणि खांद्यांमधला गोळा प्रत्येक वेगळा तोला, आणि यकृतही. यकृताचा तुकडा ऑइल रेडसाठी (मेद दाखवणाऱ्या रंगासाठी) ताजा गोठवा. पॅराफिनच्या प्रक्रियेत मेद विरघळून जातो, मग काचेवर नुसती भोकं दिसतात.

यूसीपी-१ मोजत असाल तर किती पट वाढलं ते नका सांगू, गोळ्यातलं एकूण प्रमाण सांगा. जांघेतल्या पांढऱ्या चरबीत एमआरएनए पन्नास पट वाढलं तरी मुळात ते इतकं थोडं असतं की खांद्यांमधल्या तपकिरी गोळ्यापुढे ते नगण्य राहतं. वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीला) नॉकआऊट उंदराचं तपकिरी ऊतक नकारात्मक कंट्रोल म्हणून लावा. त्या रेषेत पट्टी उमटली, तर आधी अँटिबॉडी बदला.